आंधळ्या गुप्तहेराचा सदरा

मी आत्ता ध्वनिक्षेपकासमोर बसून बोलतो आहे. माझ्या अंगावर कोट आहे की नुसता सदरा, सदऱ्याला इस्त्री आहे की नाही, हे कळण्याची तुम्हाला काही सोय नाही. तरीसुद्धा आज सकाळी घरून निघताना मी तीन सदरे काढून पाहिले आणि त्यांतला कोणता बरा दिसतो ते पत्नीला विचारले. ती म्हणाली, "अहो, रेडिओवर चाललात ना? तिथं कोण बघतंय?" प्रश्न बिनतोड होता. "स्टुडिओतली माणसं बघतात की!" असे काहीतरी पुटपुटत मी त्यातल्या त्यात बरा सदरा चढवला आणि एस.टी. गाठली.

आजचा विषय ह्या प्रश्नातच आहे. ज्याला स्वतःला दिसत नाही, त्याने कपडे घालायचे ते कोणासाठी? आणि कोणते घालायचे, हे ठरवायचे कोणी? माझ्याकडे हा विषय पुस्तकांतून आला नाही. तो आला कुस्तीच्या तालमीतून आणि एका जुन्या अमेरिकन मालिकेतून. कसा, ते सांगतो.

मी मुळशी तालुक्यात, पौड खोऱ्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्याकडे चार महिने पाऊस, भाताची खाचरे आणि गावोगाव तालीम. तालमीतल्या पोरांचे दैवत हनुमान, आणि त्याच्या खालोखाल ब्रूस ली. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी ही पोरे मोबाइलवर ब्रूस लीची जुनी चित्रे धुंडाळत बसली होती. धुंडाळता धुंडाळता त्यांच्या हाती एक वेगळीच वस्तू लागली. 'लाँगस्ट्रीट' नावाची एक मालिका अमेरिकेत १९७१च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि १९७२ साली संपली. आपल्या मुंबईच्या दूरदर्शनचा दिवा लागला २ ऑक्टोबर १९७२ला, म्हणजे तोवर ती मालिका तिकडे आटोपलीही होती. तिचा नायक विमा कंपनीचा तपासनीस. गाव न्यू ऑर्लिन्स. एका स्फोटात त्याची बायको गेली आणि त्याची दृष्टी गेली. तरी गड्याने तपासाचे काम सोडले नाही. सोबतीला एक पांढरा कुत्रा आणि काठी. जेम्स फ्रान्सिस्कस नावाच्या नटाने हे काम केले होते, आणि ह्या आंधळ्या तपासनिसाला मारामारीची विद्या शिकवणारा गुरू होता ब्रूस ली! तो फक्त चार भागांत आहे. पण आमच्या पोरांनी त्याच्यासाठी म्हणून मालिका लावली आणि बघता बघता ती त्या आंधळ्या गुप्तहेराचीच भक्त झाली.

मग काय? "सर, यंदा एकांकिका आंधळ्या गुप्तहेराची." मी म्हटले, करा. कथानकही त्यांनी आपल्या मातीतले घेतले. विम्याची भानगड आमच्याकडे कुणाला कळणार? त्यांनी खोट्या सातबाऱ्याचे प्रकरण घातले. जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून आमच्या तालुक्यात ह्या विषयावर प्रत्येकजण तासभर बोलू शकतो. लेखन मी पुरे करून दिले. संवाद बसले. आणि मग गाडी अडली ती कपड्यांवर.

श्रोतेहो, त्या मालिकेच्या भक्तांमध्ये त्याच्या कपड्यांवरून किती खल चालावा! त्याचा कोट आणि टाय एकमेकांना शोभणारे कसे? रोज सकाळी ते त्याला काढून कोण देतो? भांग इतका सरळ कसा? तो एवढा नीटनेटका राहतो हे खरे वाटते की खोटे? चहाच्या टपरीवर बसून ही मुले असे बोलत होती, की जणू त्या गृहस्थाचे कपड्यांचे कपाट ह्यांच्याच घरात आहे. मला ह्याचे नवल वाटले नाही. गुप्तहेर म्हटला की लोकांच्या आधी लक्षात राहतो तो त्याचा वेष. १९८५ साली दूरदर्शनवर 'करमचंद' लागत असे. त्यातल्या चोऱ्या आणि खून आता कुणाला आठवत नाहीत, पण पंकज कपूरचा काळा चष्मा आणि हातातले गाजर विचारा! पुढे १९९३ साली ब्योमकेश बक्षी आला, तो धोतर नेसून. आणि आपल्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्यांच्या वाचकांना वेषांतराची गोडी काही निराळी सांगायला नको. मावळातल्या माणसाला तर ती रक्तातच आहे. शिवाजी महाराजांचा हेर बहिर्जी नाईक वेष पालटण्यात किती पटाईत होता, ह्याच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो.

तर आमच्या नाटकमंडळींत तीन पक्ष पडले. एक पक्ष विलायती. त्याचे म्हणणे, लांब कोट, डोक्याला हॅट, काळा गॉगल. दुसरा स्वदेशी. त्याला धोतर, कोट आणि काळा गॉगल हवा होता. तिसऱ्या पक्षाचा पुढारी आमचा एक चांगला नट आहे. तो म्हणाला, "आंधळा म्हटल्यावर सदरा जरा फाटका पाहिजे. बटणं खालीवर लावलेली. बिचारा वाटला पाहिजे ना माणूस!" हे कुठून येते ते मला ठाऊक आहे. एकनाथांच्या भारुडात आंधळा येतो, तो सोंग म्हणून येतो, आणि सोंग लांबून ओळखू यावे लागते. नंतर लोकलगाडीत गाणे म्हणत पैसे मागणारा माणूस आपण पाहतो. ह्या दोहोंची बेरीज करून आपण डोक्यात एक आंधळा तयार करतो आणि त्याला फाटका सदरा चढवून मोकळे होतो.

तीनही पक्षांचे एका बाबतीत एकमत होते, ते काळ्या गॉगलवर. माझेही तेच मत होते. मी चर्चा आटोपती घेण्यासाठी म्हणालो, "बाकी काहीही घाला रे, पण गॉगल हवाच. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला कळायला नको का, की हा आंधळा आहे?"

आमच्या ह्या मंडळींत द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी होता. त्याचे काम प्रॉम्प्टरचे. नाटकाचे सगळे संवाद त्याला तोंडपाठ होते, कारण संहिता वाचून दाखवताना त्याने दोनदा ऐकली होती आणि तेवढे त्याला पुरत असे. तो सातव्या वर्षापासून आंधळा आहे. हा शब्द त्याचाच. मी एकदा त्याच्यासमोर 'दृष्टिहीन' म्हणालो, तेव्हा तो म्हणाला होता, "सर, आंधळा म्हणा की. गावात सगळे तेच म्हणतात. शब्दाचं काही नाही, म्हणण्याच्या सुरावर असतं." इतका वेळ तो भिंतीशी बसून ऐकत होता. माझे बोलणे संपल्यावर त्याने विचारले, "सर, मी गॉगल घालतो का?"

मी म्हटले, "नाही."

"मग मी आंधळा आहे हे तुम्हाला पहिल्या दिवशी कसं कळलं?"

कोणी काही बोलेना. तोच पुढे म्हणाला, "आणि दुसरं असं, की हा गुप्तहेर आहे ना? मग तो आंधळा आहे हे आल्या आल्या सगळ्या गावाला कशाला कळलं पाहिजे? गुप्तहेरानं काहीतरी गुप्त नको ठेवायला?"

श्रोतेहो, पंचवीस वर्षे मी वाङ्मय वाचतो आणि वाचून दाखवतो. नाटकाच्या लेखकाला आपल्या नाटकातला मुख्य दोष प्रॉम्प्टरने दाखवून द्यावा, ह्याची गंमत आता वाटते. त्या वेळी मात्र मी नुसताच घसा साफ केला.

त्या रात्री मी घरी गेलो आणि पुस्तके काढली. आंधळ्या गुप्तहेरांची ही परंपरा मोठी मौजेची आहे. पहिला खराखुरा माणूस. लंडनमध्ये अठराव्या शतकात सर जॉन फील्डिंग नावाचे न्यायाधीश होऊन गेले. कादंबरीकार हेन्री फील्डिंग ह्यांचे ते सावत्र भाऊ. एकोणिसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. बो स्ट्रीटच्या कचेरीत बसून त्यांनी १७८०पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चोरदरोडेखोरांचा निवाडा केला आणि लंडनच्या पोलिसखात्याचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला. तीन हजार गुन्हेगार ते नुसत्या आवाजावरून ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या तसबिरीत डोळ्यांच्या वर कपाळाशी एक काळी फीत बांधलेली दिसते. मला आपली गांधारी आठवली. पण गांधारीने पट्टी बांधली ती स्वतःला दिसू नये म्हणून. ह्या न्यायाधीशाला ती बांधली न बांधली सारखीच. ती फीत समोरच्यासाठी होती. आमचा गॉगल तो हाच.

पुढे अर्नेस्ट ब्रॅमा ह्या लेखकाने मॅक्स कॅराडोस हा आंधळा गुप्तहेर निर्माण केला. तो बोटाने चाचपून वर्तमानपत्राचे छापील मथळे वाचतो. हे अर्थातच लेखकाचे औदार्य! पण त्याची एक गोष्ट मला फार पटली. समोरच्या माणसाने खोट्या मिशा लावल्या आहेत हे कॅराडोस मिशीच्या डिंकाच्या वासावरून ओळखतो. डोळसांची फसवणूक करण्यासाठी केलेले वेषांतर ह्याच्यापुढे फुकट जाते. म्हणजे आंधळ्यापुढे वेष टिकत नाही, आणि आपण मात्र आंधळ्याचा वेष कोणता असावा ह्यावर तीन पक्ष करतो.

'लाँगस्ट्रीट' ज्याच्या कथांवरून निघाली तो लेखक म्हणजे बेनार्ड केंड्रिक. त्याची हकीगत तर सरळ आपल्या विषयालाच येऊन भिडते. पहिल्या महायुद्धात तो कॅनडाच्या सैन्यात होता. लंडनला सेंट डन्स्टन्स नावाची, युद्धात डोळे गमावलेल्या शिपायांची संस्था होती. ती काढणारे आर्थर पिअर्सन स्वतः आंधळे होते. तिथे केंड्रिकला एक आंधळा शिपाई भेटला. त्याने केंड्रिकच्या गणवेषावरून बोटे फिरवली, त्यावरची चिन्हे चाचपली आणि त्याने सैन्यात कुठे कुठे नोकरी केली ते सगळे सांगून टाकले. ही आठवण केंड्रिकच्या मनात राहिली, आणि १९३७ साली त्याने कॅप्टन मॅक्लेन हा आपला आंधळा गुप्तहेर लिहिला. मॅक्लेन जे जे करतो ते खऱ्या आंधळ्या माणसाला करता आले पाहिजे, असा त्याचा कटाक्ष होता. आमची पोरे ज्या गुप्तहेराच्या कपड्यांवर भांडत होती तो गुप्तहेर मुळात जन्मलाच अंगातल्या कपड्यांतून, एका आंधळ्याच्या बोटांखाली.

उलट बाजूही पाहा. २०१८ साली 'अंधाधुन' नावाचा हिंदी चित्रपट आला. तो घडतो आपल्या पुण्यातच. त्यातला पियानो वाजवणारा तरुण आंधळा नाही, आंधळ्याचे सोंग घेऊन राहतो. काळा चष्मा, हातात काठी, आणि अवघे पुणे विश्वास ठेवते! पुणेकर सहसा कशावर विश्वास ठेवीत नाहीत हे ध्यानात घेतले, म्हणजे चष्म्याचे सामर्थ्य कळेल. चष्म्याला माझा विरोध नाही, हेही सांगून टाकतो. कित्येकांना उजेडाचा त्रास होतो, कित्येकांना धूळ नि फांद्या लागू नयेत म्हणून तो हवा असतो, कुणाला आपले डोळे झाकलेले बरे वाटतात. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पांढऱ्या काठीचेही असेच. इंग्लंडात ब्रिस्टल गावच्या जेम्स बिग्ज नावाच्या गृहस्थाने दृष्टी गेल्यावर १९२१ साली आपली काठी पांढरी रंगवली, मोटारवाल्यांना ती दिसावी म्हणून. काठी त्याची, रंग मोटारवाल्यांचा. पण हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे आणि तो त्याने स्वतः ठरवला.

असो. दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्याला म्हटले, "गॉगल रद्द. आता गुप्तहेराला कपडे तूच सांग."

तो खुलला. म्हणाला, "पहिल्यांदा ती हॅट काढा. कान झाकले की संपलं. सर, आपल्याकडे पावसाळ्यात सगळे टोपीवाला रेनकोट घालतात. मी तो घातला की खरा आंधळा होतो. डोक्यावर पाऊस असा तडतडतो, की गाडी कुठून आली, माणूस कुठं उभा आहे, काही कळत नाही. त्यापेक्षा मी भिजतो." मुळशीत मी इतकी वर्षे पावसाळे काढले, पण हे माझ्या कानांना कधी कळले नव्हते. पुढे तो म्हणाला, "बूट जाड तळाचे नकोत. पायाखाली फरशी आहे, माती आहे, का लाकूड आहे, ते लागलं पाहिजे. आणि खिसे! एक खिसा चालणार नाही. चार पाहिजेत. माझ्या डाव्या वरच्या खिशात बसचा पास, उजवीकडं मोबाइल, खाली पैसे. इकडचं तिकडं होत नाही. शंभराची नोट एक घडी, दोनशेची दोन घड्या, पाचशेची आडवी. मोबाइलवर नोट ओळखायची सोय आहे आता, पण एस.टी.त कंडक्टर उभा असताना कोण मोबाइल काढतो?" रिझर्व्ह बँकेने २०२० साली 'मणी' नावाची अशी सोय काढली आहे, शिक्षकबंधूंनी आपल्या वर्गात कोणी अंध मूल असेल तर त्याला अवश्य दाखवावी. पण घड्यांचे शास्त्र त्याहून जुने आहे.

मी विचारले, "आणि रंग? रंग कसा कळतो तुला?"

"गाठी असतात," तो म्हणाला. "म्हणजे असायच्या. ताई घालून द्यायची. कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेशी, दोऱ्याची बारीक गाठ. निळ्याला एक, चौकड्यांच्या सदऱ्याला दोन, बदामीला तीन. पांढऱ्याला काहीच नाही. धुऊन आले की बोट फिरवायचं, झालं. वसतिगृहात सगळ्यांचे कपडे एका दोरीवर, तरी माझे कधी चुकले नाहीत."

"मग आता गाठी नाहीत?"

"आता सगळे पांढरेच आहेत ना सर. पाच. गाठींचं कामच उरलं नाही."

हे मला माहीत होते. म्हणजे, तो नेहमी पांढरा सदरा घालतो हे मी रोज पाहत होतो. आदल्या वर्षीच्या बक्षिससमारंभात मी त्याच्या साध्या राहणीचे कौतुक केले होते, दोनशे मुलांसमोर. रंगीबेरंगी कपड्यांच्या मागे लागलेल्या पोरांनी ह्याचा आदर्श घ्यावा, असे चांगले गाळीव वाक्यही टाकले होते. तेव्हा मी सहज विचारले, "सगळे पांढरेच का घेतलेस रे?"

तो थोडा थांबला. मग हसला. "सर, पहिल्या वर्षी पंधरा ऑगस्टला झेंडावंदन होतं. सगळ्यांनी पांढरं घालून यायचं होतं. राखीला मामा आला होता, त्यानं नवा सदरा आणला होता. मामा माळकरी, जन्मभर पांढराच घालतो. मला वाटलं, पांढराच आणला असणार. ताईला बोलावून गाठ घालायची राहिलीच होती. गाठ नाही म्हणजे पांढरा. नवा सदरा, झेंडावंदनाला घालावा म्हणून घातला."

पुढचे त्याने सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण पुढचे माझे मलाच आठवले. झेंड्याच्या खांबाशी रांगा लागल्या होत्या. सगळी पांढरीशुभ्र मुले, आणि मध्येच एक तांबड्या-पिवळ्या चौकड्यांचा सदरा. मी रांगा सरळ करत होतो. त्याच्यासमोर थांबून मी मोठ्याने म्हणालो होतो, "काय रे, आज शिमगा आहे काय?" सगळी रांग हसली होती. तोही हसला होता. तो आंधळा आहे हे मला त्या क्षणी माहीत नव्हते. हे मी माझ्या समर्थनासाठी सांगत नाही. त्याने नुकतेच विचारले होते ना, 'पहिल्या दिवशी तुम्हाला कसं कळलं?' तर पहिल्या दिवशी मला कळले नव्हते. मला त्याचा फक्त सदरा दिसला होता.

मामाचा तो सदरा त्याने पुन्हा घातला नाही. निळा, बदामी, सगळे धाकट्या चुलतभावाला देऊन टाकले आणि पाच पांढरे घेतले. मी ज्या साधेपणाचे जाहीर कौतुक केले तो असा तयार झालेला होता.

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, तुम्हाला काय ठाऊक?" ह्या वाक्यावर माणसाने काय बोलावे ते मला अजून सुचलेले नाही.

एकांकिका चांगली झाली. शेवटी ठरले ते असे. गुप्तहेर साध्या कपड्यांत येतो, गॉगल नाही, काठी घडीची, ती पिशवीत. सावकाराच्या वाड्यात बोलणी चालली आहेत. तेवढ्यात वीज जाते. आमच्या तालुक्यात ह्या प्रसंगाला वेगळे नेपथ्य लागत नाही. ज्या मुळशी धरणासाठी सेनापती बापटांच्या मागे आमचे आजे-पणजे १९२१पासून सत्याग्रहाला बसले, त्या धरणाच्या पाण्यावर भिऱ्याची वीज झाली आणि मुंबई उजळली. आमच्याकडची मात्र पहिल्या सरीला जाते. तर वीज जाते, सावकार आणि त्याचा कारकून चाचपडत एकमेकांवर आदळतात, आणि त्या अंधारात गुप्तहेराचा आवाज येतो. तो शांतपणे आपली ब्रेलमधली टिपणे वाचत असतो, एका शब्दालाही अडखळत नाही. ही कल्पना अर्थात प्रॉम्प्टरची. तेव्हा शेवटच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाबांचा आवाज आला, "आरं, ह्यो तर आंधळा हाय!" टाळ्या पडल्या त्या ह्या वाक्याला.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. गुप्तहेराच्या सदऱ्यासाठी कापड घ्यायला आम्ही दोघे पौडच्या बाजारात गेलो होतो. कापड हाताने पारखून घ्यायचे होते, म्हणून मी त्यालाच बरोबर नेले. दुकानदाराने आम्हाला बसवले, पाणी दिले आणि मला विचारले, "सर, ह्यांना कोणतं दाखवू?"

मी बोलण्याआधीच तो म्हणाला, "काका, मला विचारा. गिऱ्हाईक मी आहे."

दुकानदार ओशाळला, पण माणूस भला. त्याने ताग्यांमागून तागे टाकले. ह्याने प्रत्येकाचा कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळला. दोन बाजूला सारले. "ह्यात नायलॉन आहे, वाजतं. गुप्तहेराचा सदरा वाजायला नको." शेवटी एक सुती कापड त्याच्या मनास आले. "ह्यात रंग कोणते आहेत?"

"मोरपंखी आहे, बदामी आहे, आभाळी आहे, तुमचा तो हा... हिरवा आहे."

"हिरवा कसला?"

आता दुकानदार पेचात पडला. हिरवा म्हणजे हिरवा. त्याने माझ्याकडे पाहिले. मलाही काही सांगता येईना. मराठीचा अध्यापक मी, हिरव्या रंगावरच्या कविता मला पाठ आहेत, पण समोरच्या ताग्याचा हिरवा कसला, ह्याला माझ्याजवळ शब्द नव्हता.

तेव्हा तोच म्हणाला, "मला सातव्या वर्षापर्यंत दिसत होतं. हिरवा एकच नीट आठवतो. आमच्या दारापुढं भाताचं रोप टाकलेलं असायचं, त्याचा. तसला आहे का?"

दुकानदाराच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तो शेतकऱ्याचाच पोरगा निघाला. "रोपाचा? मग असं सांगा ना राव!" त्याने तीन हिरवे तागे काखेत मारले आणि दुकानाच्या दाराशी उजेडात नेले. एक उलगडून पाहिला, बाजूला टाकला. दुसरा जरा लांब धरून पाहिला. तिसरा खांद्यावर टाकून तो आत आला आणि त्याच्या हातात देत म्हणाला, "हा घ्या. आवणीच्या आधी चार दिवस असतो ना, अगदी तस्सा. दोन पावसाचा."

त्याने कापडावरून हात फिरवला, बराच वेळ. मग भाव विचारला, मीटरमागे दहा रुपये कमी करून घेतले आणि म्हणाला, "गुप्तहेराला अडीच मीटर काढा. आणि ह्याच ताग्यातून अजून अडीच, वेगळे बांधा."